थर्मल कॅमेऱ्याने पक्षी शोधताना: पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

थर्मल कॅमेरा हातात आला त्या पहिल्याच संध्याकाळी मी एका घुबडासमोर चाळीस मिनिटं बसून होते. झाडाच्या बेचक्यात पांढराशुभ्र गोळा, अगदी घुबडाच्या मापाचा. हलत नव्हता, पण घुबड तरी कुठे हलतं? शेवटी पायाला मुंग्या आल्या म्हणून उठले, जवळ गेले, तर तिथे खोडाची गाठ. दिवसभर ऊन पिऊन बसलेली आणि आता सावकाश निवत असलेली.

नंतर अशा बऱ्याच गाठी, दगड आणि ससे बघून झाले. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: थर्मल ‘कुठे’ ते सांगतो, ‘कोण’ ते सांगत नाही. ओळख दुर्बिणीनेच पटवायची. हे ज्याला पटलं त्याचे निम्मे घोटाळे आधीच टळतात.

१. कॅमेरा नेमकं काय बघतो ते समजून घ्या

आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश दिसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पक्ष्यांसाठी वापरले जाणारे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतात. या पट्ट्यात दगडापासून तुमच्या तळहातापर्यंत प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार सतत ऊर्जा बाहेर टाकत असते. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवला. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी पारा चढला. अवरक्त किरणांची ओळख झाली ती तिथे.

रात्री बघायच्या इतर उपकरणांशी याची गल्लत करू नका. त्यांना चांदण्याचा तरी आधार लागतो, नाहीतर स्वतःचा अवरक्त दिवा पेटवावा लागतो. थर्मलला कुठलाच दिवा लागत नाही आणि तो स्वतःहून काही सोडतही नाही. म्हणून तो भर दुपारीही चालतो. पक्षीनिरीक्षकांना तर त्याचा खरा उपयोग बऱ्याचदा दिवसाउजेडीच होतो, कारण सापडलेला पक्षी तेव्हा दुर्बिणीतून बघताही येतो.

आता पक्ष्याकडे वळू. बहुतेक पक्ष्यांच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सियस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. वाटतं, असा पक्षी कॅमेऱ्यात निखाऱ्यासारखा दिसेल. तसं होत नाही. कॅमेऱ्याला दिसतो तो पिसांचा वरचा थर, आणि पिसांचं कामच मुळी आतली ऊब आत ठेवण्याचं. थंडीत पिसं फुलवून, चोच पाठीत खुपसून झोपलेला पक्षी कॅमेऱ्यात विलक्षण फिका दिसतो. एम्परर पेंग्विनच्या बाबतीत तर पिसांचा वरचा थर भोवतालच्या हवेपेक्षाही थंड असल्याचं मोजलं गेलं आहे, कारण तो थर उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो.

उजळ दिसतात ते भाग वेगळेच: डोळे आणि डोळ्यांभोवतीची जागा, पंखांखालची बाजू, आणि काही पक्ष्यांत चोच. टोको टूकन आपल्या अवाढव्य चोचीतून नको असलेली उष्णता बाहेर टाकतो, हे २००९ साली थर्मल कॅमेऱ्यानेच दाखवून दिलं. उलट थंड पाण्यात उभ्या असलेल्या बदकाचे पाय जवळजवळ पाण्याइतकेच गार दिसतात, कारण पायांत उतरणारं गरम रक्त आपली ऊब वर परतणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकतं. थोडक्यात, घुबडाची पाठ तुमच्याकडे असेल तर फिकट गोळा आणि त्याने मान वळवली की दोन झगमगते डोळे. मी गाठीसमोर बसले होते तेव्हा हे माहीत असतं तर डोळे कुठे आहेत, असं पाच मिनिटांत विचारलं असतं.

आणखी एक, काचेतून थर्मलला काही दिसत नाही. गाडीची काच, खिडकीची काच, चष्मा, सगळं त्याच्या लेखी भिंत. उलट काचेत तुमचंच धूसर प्रतिबिंब दिसेल. म्हणून तर या कॅमेऱ्यांची भिंगं काचेऐवजी जर्मेनियमची असतात. बाहेरून ती आरशासारखी काळपट चकाकतात आणि आपल्याला त्यांच्या आरपार काही दिसत नाही. निरीक्षणाच्या लपणीत बसणार असाल तर झरोका उघडा हवा. पानांच्या आरपारही थर्मल बघत नाही. झाडीत पक्षी दिसतो तो पानांमधल्या फटींतून.

२. आपल्याला तो खरंच हवा आहे का?

तुम्ही काय बघता त्यावर हे अवलंबून आहे. जमिनीवर दबून बसणारे पक्षी, म्हणजे पाणलावे, लावे, चंडोल, रातवे. दिवसा झाडाला चिकटून झोपलेली घुबडं. बोरूच्या आणि उंच गवताच्या आत वावरणारे लाजरे पक्षी. रात्री डोक्यावरून जाणारे स्थलांतरित. या सगळ्यांसाठी थर्मलसारखं दुसरं काही नाही. पायाखालून भुर्रकन उडेपर्यंत पाणलावा दिसतच नाही हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना तोच पाणलावा तीस पावलांवर निवांत चिखल चाचपताना दिसला की काय वाटतं ते मी सांगायला नको.

वर्षभर सकाळी उघड्यावरचे पक्षी बघणाऱ्याला, दूरवरच्या पाण्यावरची बदकं मोजणाऱ्याला किंवा मुख्यतः छायाचित्रं काढणाऱ्याला त्याचा उपयोग कमीच. उष्ण प्रदेशातल्या उन्हाळ्यातही तो मंदावतो. हवा आणि जमीन पक्ष्याच्या पिसांइतकीच तापली की फरक उरत नाही, आणि थर्मल जगतो तो फरकावरच. वाळू फार तापली तर सावलीतला पक्षी पांढऱ्याऐवजी काळा ठिपका म्हणूनही दिसतो. हे ठाऊक नसलं तर नजर त्यावरून सरळ पुढे जाते.

शक्य असेल तर आधी कुणाचा तरी मागून दोन पहाटा वापरून बघा. दुकानात हातात धरून काहीच कळत नाही. चार भिंतींच्या आत सगळीच माणसं लख्ख दिसतात.

३. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगते.

‘१,८०० मीटरवरून दिसते’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. दिसते म्हणजे काय दिसते? हा आकडा बहुतेक वेळा १.७ किंवा १.८ मीटर उंचीच्या उभ्या माणसाचा असतो, आणि ‘दिसते’ याचा अर्थ ‘तिथे काहीतरी आहे एवढं कळतं’. अंतर वस्तूच्या मापाच्या प्रमाणात घटतं. १८ सेंटिमीटरच्या पक्ष्यासाठी त्या आकड्यातलं एक शून्य पुसा: १,८०० चे १८० मीटर. तेही कोरड्या, थंड हवेत आणि मोकळ्या मैदानात. गवतात असेल तर त्याचेही निम्मे धरा.

याहून खात्रीचा हिशोब स्वतः करता येतो. त्याला दोन आकडे लागतात: सेन्सरवरच्या एका पिक्सेलचं माप, जे आजकाल बहुधा १२ मायक्रॉन आणि जुन्या उपकरणांत १७ मायक्रॉन असतं, आणि लेन्सचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) मिलिमीटरमध्ये. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि १० ने गुणा. १०० मीटरवर एक पिक्सेल किती सेंटिमीटर जागा व्यापतो ते मिळतं.

१२ मायक्रॉन आणि १९ मिमी लेन्स: १२ ÷ १९ × १० = ६.३ सेंमी. तोच सेन्सर आणि ३५ मिमी लेन्स: ३.४ सेंमी.

आता १० सेंटिमीटर रुंदीचा दबून बसलेला पक्षी घ्या. १०० मीटरवर पहिल्या कॅमेऱ्यात तो दीड पिक्सेल, दुसऱ्यात जेमतेम तीन. १९५८ साली जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने मांडलेले निकष आजही या क्षेत्रात वापरतात. त्यांचा ढोबळ अर्थ असा की वस्तूच्या लहान बाजूवर दोनेक पिक्सेल पडले तर काहीतरी आहे हे कळतं, आठेक पडले तर कोणत्या प्रकारचं आहे ते, आणि बारा-तेरा पडले तर नेमकं काय ते; तेही निम्म्या वेळा. शिवाय हे निकष रणगाडे आणि माणसांसारख्या लक्ष्यांसाठी होते. पिसांचे रंग आणि रेघा थर्मलमध्ये नसतातच, त्यामुळे पिक्सेल कितीही वाढवले तरी दोन सारख्या आकाराचे चंडोल वेगळे काढता येणार नाहीत.

मग सगळ्यात मोठी लेन्स घ्यावी का? इथे दुसरा सापळा आहे. लेन्स मोठी झाली की दृश्य अरुंद होतं. ३८४ पिक्सेल रुंदीच्या सेन्सरला १९ मिमी लेन्स लावली तर १०० मीटरवर साधारण २४ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ३५ मिमीला फक्त १३ मीटर. झाडीत, पायवाटेवर, जवळचे पक्षी शोधणाऱ्याला १३ मीटरचा पट्टा म्हणजे नळीतून बघणं. ६४० पिक्सेलच्या सेन्सरला ३५ मिमी लेन्समधूनही २२ मीटर मिळतात, म्हणून तो महाग असतो. माझा कल असा: रान आणि बोरूत फिरणाऱ्याने ३८४×२८८ सेन्सर आणि १९ ते २५ मिमी लेन्स, माळ, खाजण, चिखलाणी बघणाऱ्याने झेपत असेल तर ६४०×५१२ आणि ३५ मिमी. २५६×१९२ चे छोटे सेन्सर आणि मोबाइलला जोडायची खेळणी पंधरा-वीस मीटरपर्यंत बरी असतात. हौस पुरेल, पाणलावा पुरणार नाही.

बाकी आकडे पटकन उरकू. संवेदनशीलता मिलिकेल्विनमध्ये देतात आणि ती जितकी कमी तितकी चांगली: २५ म्हणजे एका अंशाचा चाळिसावा भाग ओळखणारा. दमट हवेत आणि धुक्याच्या कडेला ४० आणि २० मधला फरक डोळ्यांना कळतो. लेन्सचा एफ-क्रमांक, म्हणजे तिचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा, १.० असेल तर १.२ पेक्षा जवळजवळ दीडपट ऊर्जा आत येते. चित्राचा वेग ९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला नऊ चित्रं, असेल तर उडणारा पक्षी उड्या मारत जातो. २५ किंवा ५० हवा. ९ हर्ट्झची उपकरणं बाजारात इतकी दिसतात याचं कारण त्याहून वेगवान कॅमेऱ्यांवर निर्यातीची बंधनं जास्त कडक असतात.

आणि डिजिटल झूम या शब्दाला भुलू नका. तो तेच पिक्सेल मोठे करून दाखवतो. दीड पिक्सेलचा पाणलावा आठपट मोठा केला की दीड पिक्सेलचा मोठा पाणलावा मिळतो.

४. सोबत काय काय लागेल

साधनं:
• थर्मल मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याला लावायचा थर्मल कॅमेरा, गळ्यातल्या पट्ट्यासह. हातातून निसटलेलं जर्मेनियम तडकतं.
• नेहमीची दुर्बीण. ८×४२ उत्तम, कारण पहाटेच्या अंधुक प्रकाशात ती साथ देते.
• जास्तीच्या बॅटऱ्या. थंडीत लिथियम बॅटरी सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी मान टाकते. एक आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा.
• स्पॉटिंग स्कोप (दूरचं बघायची एकनळी, मोठी दुर्बीण) आणि तिकाटणं, माळ किंवा चिखलाणीवर जाणार असाल तर.
• मंद लाल उजेडाची बॅटरी, फक्त स्वतःच्या पायांसाठी आणि वहीसाठी.
• लेन्ससाठीचं मऊ फडकं आणि फुंकणी. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, भिंगावरचा लेप ओरखडला जातो.

कागदपत्रं:
• उपकरणाचं बिल आणि त्यावरचा क्रमांक, प्रवासात कायम जवळ.
• संरक्षित क्षेत्रात जाणार असाल तर लेखी परवानगी, आणि त्यात थर्मलचा उल्लेख. ‘कॅमेऱ्याची परवानगी आहे’ एवढं पुरत नाही. रात्री थर्मल घेऊन फिरणारा माणूस वनरक्षकाला आधी शिकारी वाटतो, आणि त्यात त्याची चूक नाही.
• खासगी जमीन असेल तर मालकाचा होकार, शक्यतो तारखेसह.
• परदेशी नेताना त्या देशाचे सीमाशुल्काचे आणि रात्रदृष्टी उपकरणांचे नियम. हे कॅमेरे दुहेरी वापराच्या वस्तूंत मोडतात, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही, आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे. सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

लष्करी ठाणी, सीमाभाग, विमानतळ यांच्या जवळपास पक्षी कितीही दुर्मिळ असला तरी थर्मल पिशवीतच ठेवा.

५. रानात जाण्याआधी घरच्या घरी

पहिलं काम: नेत्रिकेजवळची फिरकी आपल्या डोळ्यानुसार लावून घ्या. पडद्यावरची अक्षरं धारदार दिसेपर्यंत ती फिरवायची. मग पुढच्या लेन्सचा फोकस वेगळा. या दोन फिरक्यांची अदलाबदल करून ‘माझा कॅमेरा धूसर आहे’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत, त्यांत पहिली मीच.

रंगांचे पर्याय सात-आठ असतात. इंद्रधनुष्यी रंग मित्रांना दाखवायला ठीक. कामाचे दोनच: गरम पांढरं (गरम ते पांढरं दिसतं) आणि गरम काळं (गरम ते काळं). शोधताना गरम पांढरं बरं पडतं, कारण ठिपका डोळ्यात भरतो. सापडल्यावर गरम काळ्यावर या. त्यात फांद्या आणि दगड ओळखीचे वाटतात आणि पक्षी नेमका कुठे बसला आहे ते उमगतं. गरम भाग लाल करणारा पर्याय टाळा. तो दृश्यातल्या सर्वांत गरम गोष्टीला लाल करतो, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा दगड असते.

कॅमेरा मधूनमधून ‘टिक’ आवाज करून क्षणभर गोठतो. तो बिघडलेला नाही, आतली झडप टाकून सेन्सर स्वतःला जुळवून घेतो आहे. लपणीत बसल्यावर हा आवाज बराच मोठा वाटतो, म्हणून ही जुळवणी हाताने करायचा पर्याय शोधून ठेवा.

पडद्याचा उजेड सर्वांत कमी करा. अंधाराला डोळा पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि उजळ पडदा ते एका क्षणात धुऊन टाकतो. मी थर्मल डाव्या डोळ्याला लावते, उजवा अंधारासाठी राखून ठेवते. उलटं चालेल, पण ठरवून एकच. रबरी डोळेझाक काढू नका. तिच्याविना पडद्याचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो आणि समोरच्याला तो छान दिसतो.

कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नका, बंद असतानाही झाकण लावा. सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

६. वेळ निवडा

सूर्योदयाआधीचा एक तास. इतर सगळ्या वेळा यानंतर. रात्रभरात दगड, खोडं, माती सगळं निवलेलं असतं, पक्षी तेवढा उबदार, आणि पुढच्या अर्ध्या तासात दुर्बिणीपुरता उजेडही येणार असतो.

संध्याकाळ त्यामानाने फसवी. उन्हं उतरल्यावर तास-दोन तास सगळा आसमंत दिवसाची उष्णता ओकत असतो. शिवाय दिवसातून दोनदा, सूर्य वर आल्यावर आणि मावळताना, अशी एक वेळ येते की वस्तू आणि तिची पार्श्वभूमी सारख्याच तापमानाला येतात. तेव्हा चित्र एकदम सपाट होतं. कॅमेरा बिघडला असं समजून मी एकदा त्याच वेळी सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या होत्या.

ढगाळ दिवस म्हणजे पर्वणी, दिवसभर काम करता येतं. पाऊस आणि दाट धुकं म्हणजे सुट्टी. पाण्याचे थेंब ही उष्णता गिळून टाकतात. नुकत्याच थांबलेल्या पावसानंतर सगळं एकाच तापमानाचं झालेलं असतं. एरवी ते वाईट, पण त्या सपाट राखाडी रंगात एखादा कोरडा, उबदार पक्षी अक्षरशः चमकतो.

७. शोधायचं कसं

चालता चालता बघू नका. थांबा, बघा, थर्मल खाली करा, दहा पावलं चाला, पुन्हा थांबा. कॅमेरा सावकाश फिरवा, डावीकडून उजवीकडे, मग किंचित खाली घेऊन उजवीकडून डावीकडे, शेत नांगरल्यासारखं. एक पट्टा फिरवायला दहा-बारा सेकंद तरी घ्या. आधी जवळचं, मग दूरचं. नवखे लोक हमखास क्षितिजापासून सुरुवात करतात आणि पायापाशी बसलेला रातवा उडवतात.

ठिपका दिसला की डोळा हलवू नका. आता खरं कौशल्य लागतं, कारण सगळ्यात अवघड भाग शोधण्याचा नाही, थर्मलमधली जागा दुर्बिणीत पकडण्याचा आहे. पहिल्या महिन्यात माझे दहातले आठ पक्षी या पुलावरच हरवले.

क्रम असा ठेवा. ठिपक्याजवळची अशी खूण शोधा जी दोन्हींत दिसेल: खोडाची बेचकी, खुंट, वेगळ्या आकाराचा दगड, पाण्याची कड. गवताचा झुपका खूण म्हणून घेऊ नका, दुर्बिणीत तसे पन्नास असतात. खुणेपासून ठिपका किती अंतरावर आणि घड्याळाच्या कोणत्या काट्याकडे आहे ते पुटपुटा: ‘बेचकीपासून दोन हात, चार वाजता’. हे मोठ्याने म्हटल्याने लक्षात राहतं, यावर हसू नका. मग पाय जागचे न हलवता आणि नाक त्याच दिशेला ठेवून थर्मल खाली, दुर्बीण वर. आधी खूण पकडा, मग काट्याच्या दिशेने सरका. नाही सापडला तर पुन्हा थर्मल. तीनदा नाही सापडला तर दोन पावलं बाजूला व्हा. मध्ये एखादी काडी आडवी येत असेल.

दोघं असाल तर काम निम्मं होतं. एकाने थर्मल लावून डोळा न काढता दिशा सांगायची, दुसऱ्याने दुर्बीण लावायची. स्कोप असेल तर त्यावर बाजूला थर्मल बसवण्याची कडी मिळते. दोन्ही एकाच दूरच्या खांबावर रोखून पक्क्या केल्या की थर्मलच्या मध्यावर आलेला ठिपका स्कोपमध्ये आपोआप येतो. ही जुळवणी १०० मीटरवर करावी. जवळच्या पक्ष्यासाठी ती थोडी चुकणारच, कारण दोन नळ्या शेजारी आहेत, एकात एक नाहीत.

रात्रीच्या स्थलांतरासाठी पद्धत वेगळी. निरभ्र आकाश थर्मलला अतिशय थंड दिसतं, त्यामुळे उडणारा पक्षी त्यावर टिंबासारखा उठून येतो. आडवं पडा, कॅमेरा तिकाटण्यावर सरळ वर रोखा आणि एकाच चौकटीतून किती जातात ते मोजा. पण टिंब लहान आहे म्हणजे पक्षी लहान की उंच, हे चित्रावरून सांगता येत नाही. सोबत आवाज नोंदवला तर थोडीफार जात कळते. वटवाघळं वेडीवाकडी वळतात, स्थलांतरित पक्षी रेघ सोडत नाहीत. लेन्सच्या जवळून गेलेला कीटक मात्र धूसर, फुगलेला आणि भलताच वेगवान दिसतो.

८. फसवणारे ठिपके

दगड, गाठी, खांब: कडा स्थिर, आतला उजेड एकसारखा, आणि अर्ध्या तासात हळूहळू विझत जाणारा. पक्षी विझत नाही.

ससा, उंदीर, खार: पक्ष्यापेक्षा बरेचदा उजळ, कारण कान आणि पाय उघडे. उंदीर सरपटत जातो. जमिनीवरचा पक्षी थांबत-थांबत चालतो, मध्येच मान वर करतो.

ताजं शेण. यावर अधिक काही बोलत नाही.

रिकामी बसकी जागा: पक्षी नुकताच उठून गेला असेल तर तिथे काही वेळ ऊब राहते. फिकट, कडा नसलेला डाग दिसला तर आजूबाजूला बघा.

पाणी आणि ओला चिखल आरशासारखे वागतात. एकाखाली एक असे दोन ठिपके सारखेच हलत असतील तर एक प्रतिबिंब आहे. मी एकदा सहा पाणलावे मोजून वहीत लिहिले होते, ते तीन होते.

९. पक्ष्याच्या बाजूने

थर्मल हातात असला की लपलेला पक्षी तुम्हाला दिसतो, पण त्याला वाटतं की तो लपलेलाच आहे. या विश्वासावर तो जागचा हलत नाही. त्याला उडवलं तर थंड रात्रीत जपून ठेवलेली शक्ती तो आपल्यामुळे खर्च करतो, आणि अंधारात नवी जागा शोधताना शिकाऱ्याच्या तावडीत सापडू शकतो.

म्हणून अंतर राखा. पक्ष्याने अंग आवळलं, मान ताठ केली, तुमच्याकडे टक लावली की मागे फिरायची वेळ झाली. झोपलेल्या थव्याजवळ जाऊच नका. घरट्यावर बसलेली मादी थर्मलमध्ये ठळक दिसते. बघून पुढे व्हा, पुन्हा पुन्हा जाऊन वाट पाडू नका. त्याच वाटेवरून वासाच्या मागावर कोल्हा-मांजर पोहोचतं. झोतदार बॅटरी डोळ्यांवर मारून ‘ओळख पक्की’ करण्याचा मोह आवरा, ओळख नाही पटली तर नाही पटली. घुबडाच्या बसण्याची नेमकी जागा कुणालाही पाठवू नका, नकाशावरची खूण तर नाहीच.

उलट बाजूही सांगते. वाटेवर आधी थर्मल फिरवून मग पाऊल टाकलं तर जमिनीवरची अंडी-पिल्लं पायाखाली येण्याचा धोका बराच टळतो. युरोपात गवत कापणीआधी ड्रोनवर थर्मल लावून शेतातली हरणाची पाडसं आणि टिटवीसारख्या पक्ष्यांची घरटी शोधतात ती याचसाठी. ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायात वळी घालणारे अभ्यासकही रात्री जमिनीवरचे पक्षी शोधायला तो वापरतात, पण त्यांच्याकडे त्यासाठीचं प्रशिक्षण आणि परवाना असतो.

१०. नोंद करताना

वहीत दोन रकाने जास्तीचे आखा: ‘थर्मलने सापडला’ आणि ‘कशाने ओळखला’. पहिला महत्त्वाचा, कारण ज्या पाणथळीवर तुम्ही वर्षानुवर्षं चार पाणलावे लिहीत होतात तिथे आता अचानक तीस होतील, आणि पुढे ही वही वाचणाऱ्याला पक्षी वाढले असं वाटेल. वाढली ती तुमची नजर. हवेचं तापमान, ढग आणि वेळ हेही लिहा. सहा महिन्यांनी कोणत्या हवेत आपला कॅमेरा चालतो ते त्यातूनच कळेल.

दुसऱ्या रकान्यात दुर्बीण, स्कोप, आवाज यांपैकी काही नसेल तर जात लिहू नका. माझ्या गेल्या पहाटेच्या नोंदीत पाच ओळी आहेत: पाणलावा ७, स्कोपने; पिंगळा १, आवाजाने; चंडोल, जात अनिश्चित, ३; रातवा, जात अनिश्चित, १; आणि शेवटची, ससा ४.